जातिवंत

सजीव प्राणी पैसे मोजून विकत घ्यावा काय, हा प्रश्न मला साठी उलटेपर्यंत पडला नव्हता. कारण तो पडावा असा प्रसंगच आला नव्हता. आमच्या लहानपणी कुत्रे विकत घेत नसत, ते येत असे. कुणाच्या तरी गोठ्यात कुत्री व्यालेली असे, मुले सदऱ्यात लपवून एखादे पिल्लू घरी आणीत, आई 'हे लचांड कशाला' असे म्हणत करवंटीत दूध ओती आणि तेवढ्याने ते घरचे होई. मराठी माणूस आजही 'कुत्रा आणला', 'कुत्रा पाळला' असे म्हणतो. 'विकत घेतला' असे म्हणताना त्याची जीभ किंचित अडखळते. बैल, गाय, शेळी यांच्या बाबतीत ती अडखळत नाही. बैलाचे दात पाहावेत, उपरण्याखाली बोटे दाबून सौदा ठरवावा, यात कुणाला काही अनुचित वाटत नाही. बैलाकडून आपण कामाची अपेक्षा करतो आणि कुत्र्याकडून इमानाची, हे याचे कारण असावे. कामाचा मोबदला देता येतो. इमान मात्र आगाऊ रक्कम भरून मिळवायचे, ही कल्पनाच कुठेतरी खटकते.

गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न आमच्या उंबऱ्यावर आला. मी आणि माझी पत्नी, दोघेही निवृत्त, मुलगी बंगळुरात, इंदूरच्या या घरात आता चार खोल्यांत मिळून दोन माणसे राहतात. पत्नीचे वडील रेल्वेत होते. भुसावळच्या क्वार्टरमध्ये तिच्या लहानपणी एक लॅब्रॅडॉर होता आणि त्याच्या आठवणी ऐकून ऐकून मलाही तो ओळखीचा झाला आहे. 'आता तसा एक आणू या,' असे ती म्हणाली. दुकानातून आणायचा नाही, एवढे मात्र आमचे आधीच ठरले होते. शेजाऱ्यांनी एका दुकानातून पिल्लू आणले होते. ते जेमतेम चार आठवड्यांचे असावे. आईचे दूध अकाली तुटलेले ते पोर आठवड्याच्या आत पार्व्होच्या जुलाबांनी गेले. दुकानदाराने दुसरे पिल्लू निम्म्या किमतीत देऊ केले. त्यात त्याला काही वावगे वाटले नाही, याचे मला अधिक वाईट वाटले.

मग कुणीतरी महूच्या एका बाईंचे नाव सुचवले. लष्करी अधिकाऱ्याच्या विधवा पत्नी, मूळच्या बेळगावच्या. घरात दोन कुत्र्या; दीड-दोन वर्षांतून एखादे वेत; दारावर पाटी नाही, जाहिरात नाही. पिल्लू हवे असेल त्याने आधी फोन करायचा आणि थांबायचे. पत्नीने फोन केला. मी शेजारच्या खोलीत काही वाचीत बसलो होतो. 'पिल्लं जातिवंत आहेत ना?' हे तिचे वाक्य माझ्या कानावर आले आणि माझे वाचन थांबले.

'जातिवंत' हा शब्द मी स्वतः किती वेळा वापरला आहे याची गणती नाही. जातिवंत कवी, जातिवंत कथाकार, जातिवंत रसिक. आमच्या समीक्षेच्या परिभाषेत तो प्रशंसेचा शेवटचा शब्द होता. एखाद्याविषयी तो लिहिला की पुढे कारणे देण्याची गरज उरत नसे. त्याची भावंडेही तशीच: अस्सल, खानदानी, कुलीन, हाडाचा. आणि विरुद्ध बाजूला उभे केलेले शब्द: गावठी, हलका, भेसळीचा. ज्या समाजाने माणसांची प्रतवारी जन्मावरून केली त्याच्या भाषेत गुणाचा शब्द जन्माच्या शब्दापासून निघावा, यात नवल नाही. नवल आहे ते हे, की चाळीस वर्षे साहित्य शिकवताना मी या शब्दाकडे वळून पाहिले नाही. आणि एका कुत्र्याच्या पिल्लासंबंधी तो उच्चारला गेला तेव्हा, म्हणजे तो त्याच्या मूळ अर्थाने वापरला गेला तेव्हा, मला तो टोचला. प्राण्यांच्या संदर्भात तो निदान प्रामाणिक तरी होता.

त्यातून आम्हाला जायचे होते ते गाव महू. इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरची ही लष्करी छावणी. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म येथे झाला आणि २००३ साली गावाला त्यांचे नाव देण्यात आले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी तयार केलेले आणि तेथे कधीच न झालेले १९३६चे भाषण आपण 'जातिनिर्मूलन' या नावाने ओळखतो. जातिव्यवस्थेमुळे रक्ताची शुद्धता टिकते, हा तिच्या समर्थकांचा युक्तिवाद त्यांनी त्यात तपासला आहे आणि शुद्ध वंशाची माणसे पृथ्वीवर कुठेच नाहीत, या मानववंशशास्त्रज्ञांच्या मताच्या आधारे तो निकालात काढला आहे. त्या गावी मी शुद्ध रक्ताचे पिल्लू आणायला निघालो होतो. माझा एक जुना विद्यार्थी, जो आता स्वतः प्राध्यापक आहे, हे ऐकून हसला. 'सर, शुद्ध भाषा नावाची वस्तू नसते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आता शुद्ध कुत्रं कुठून काढलंत?' असे तो म्हणाला. विनोदच होता तो. पण मला त्यावर हसता आले नाही.

मनुष्यांच्या बाबतीत जे थोतांड ठरते ते कुत्र्यांच्या बाबतीत खरे असू शकते, असे उत्तर मी त्याला देऊ शकलो असतो. मेंढ्या वळणारे कुत्रे आणि पाण्यातून पक्षी उचलून आणणारे कुत्रे यांच्या स्वभावात फरक असतो आणि तो माणसानेच पिढ्यान् पिढ्या निवड करून घडवला आहे, हे मान्य करावेच लागते. परंतु स्वभावासाठी केलेली निवड ही एक गोष्ट आणि 'शुद्धता' ही दुसरी. ही दुसरी गोष्ट आपण समजतो तितकी प्राचीन नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले औपचारिक प्रदर्शन भरले ते १८५९च्या जून महिन्यात. त्याच वर्षी नोव्हेंबरात डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले प्रकरण पाळीव प्राण्यांतील बदलांवर आहे आणि त्यात कबुतरे पाळणाऱ्यांच्या कसबाचे मोठे कौतुक आहे. १८७३ साली लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, पुढच्याच वर्षी त्याची वंशावळीची पहिली वही छापून निघाली, आणि १८८३ साली गाल्टनने माणसांच्या 'सुप्रजनना'साठी एक नवा शब्द घडवला. हे सारे एकाच पिढीतले, एकाच वर्गातले उद्योग आहेत. आमचा लॅब्रॅडॉर तर मुळात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या मिश्र रक्ताच्या कुत्र्यांचा वंशज; त्याला स्वतंत्र जात म्हणून क्लबाची मान्यता मिळाली १९०३ साली. म्हणजे आपण ज्याला शुद्ध म्हणतो ते एका विशिष्ट वर्षी कुणीतरी वही मिटल्यामुळे शुद्ध झालेले असते. वहीत ज्यांची नावे आली ते कुलीन. त्यांच्याच बहिणीची पण दुसऱ्या कुंपणात जन्मलेली पिल्ले गावठी. ही रीत आपल्याला अनोळखी वाटू नये.

वही मिटली की आतल्याआत विवाह होतात. प्रदर्शनात जिंकलेल्या एकाच नराची संतती शेकडो घरांत जाते आणि पुढे तिचेच आपसांत संबंध घडवले जातात. एरवी झाकून राहिले असते ते दोष मग उघडे पडतात. बुलडॉगचे डोके इतके मोठे आणि मादीची कटी इतकी अरुंद करून ठेवली आहे, की त्यांची बहुतांश पिल्ले आज शस्त्रक्रियेनेच जन्माला येतात. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे आपल्याकडे घरोघर पोहोचलेला पग उन्हाळ्यात घोरतो तेव्हा मुले हसतात. प्रत्यक्षात तो श्वासासाठी झगडत असतो. २००८ साली बीबीसीने या विषयावर एक अनुबोधपट दाखवला. त्यातून उठलेल्या वादानंतर क्रफ्ट्स या जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शनाचे प्रक्षेपण त्या संस्थेने थांबवले. बाप-लेक, आई-मुलगा, सख्खी भावंडे यांच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंद न करण्याचा नियम केनेल क्लबाने केला तो त्यानंतर, २००९ साली. तोवर ती नोंद होत होती आणि तिला शुद्धता म्हणत होते, हे वाचून मी थबकलो.

येथे 'संकर' हा शब्द आठवतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ज्या अनर्थांना भितो त्यांत वर्णसंकर आहे. संकर म्हणजे नरकाचे द्वार. पुढे १९६४ साली ज्वारीचे 'सीएसएच-१' हे पहिले संकरित वाण भारतात प्रसारित झाले आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द भरघोस कणसाचा झाला. त्याने तो 'हायब्रिड' असाच उच्चारला, ही गोष्ट वेगळी. एका शब्दाला एका आयुष्यात नरक आणि सुगी दोन्ही पाहायला मिळावीत, असे भाग्य फार थोड्या शब्दांचे असते.

इतके सगळे मनात घेऊन मी महूला गेलो, म्हणजे खरे तर भांडणाच्या तयारीने गेलो. बाईंनी आम्हाला प्रथम पिल्ले दाखवली नाहीत. पिल्लांची आई दाखवली. पिवळसर रंगाची, शांत, पोटाखाली थानांच्या खुणा असलेली ती कुत्री येऊन माझ्या बुटांचा वास घेऊन गेली. 'आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नये,' असे बाई म्हणाल्या. मग त्यांनी कागद काढले. वंशावळीचा कागद होता, पण तो सर्वांत खाली होता. वर होती क्ष-किरण चित्रे. या जातीत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष आढळतो. म्हणून नर आणि मादी दोघांची चित्रे, दोघे पूर्ण वाढल्यानंतर काढलेली. दुसरा कागद डोळ्यांचा. दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक दोष काही कुत्री अंगात बाळगून असतात. स्वतः त्यांना काही होत नाही, परंतु असे दोन वाहक एकत्र आले तर सरासरीने चार पिल्लांमागे एक पुढे आंधळे होते. बाईंची कुत्री वाहक निघाली होती. म्हणून त्यांनी त्या दोषापासून मुक्त असलेला नर शोधला. तो प्रदर्शनात कधी जिंकलेला नव्हता. जिंकलेला एक नर जवळच होता, त्याच्या मालकाने चाचणी करायला नकार दिला, म्हणून तो त्यांनी सोडला. शुद्धतेची वही या बाईंनी उलट्या बाजूने वाचली होती. लोक तीत थोर पूर्वज शोधतात. त्या आजार शोधीत होत्या.

कायद्याने यातले काही आता बंधनकारक आहे. श्वानपैदास आणि विक्रीसंबंधी केंद्र शासनाने २०१७ साली नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, अठरा महिन्यांच्या आतल्या मादीचा संयोग घडवू नये, तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते होऊ देऊ नयेत, अशी कलमे त्यांत आहेत. नियम चांगले आहेत. पण बाईंनी तिसऱ्या वेतानंतरच त्या कुत्रीला थांबवायचे ठरवले होते. का, असे विचारल्यावर 'दमली ओ ती,' एवढेच त्यांनी उत्तर दिले.

मग प्रश्न सुरू झाले. मी आयुष्यभर तोंडी परीक्षा घेतल्या. त्या दिवशी प्रथमच लक्षात आले की परीक्षकाच्या समोरची खुर्ची किती टणक असते. घरात जिने किती? दुपारी कोण असते? गावाला गेलात तर काय करता? पूर्वीचा कुत्रा कशाने गेला? पिल्लू सहाव्या महिन्यात चपला आणि पुस्तके फाडील तेव्हा काय कराल? माझ्या पत्नीने 'आमचं पिल्लू यांतलं कुठलं?' असे विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, 'ताई, ते मी ठरवीन. सात आठवड्यांची झाली की एकेकाचा स्वभाव कळतो. तुमच्याकडे सगळ्यांत दांडगं देऊन कसं चालेल?' ग्राहकाला निवडीचा अधिकार नाही, असा बाजार मी पाहिला नव्हता.

आणि शेवटी त्या म्हणाल्या, 'रागावू नका हं सर, पण विचारायलाच पाहिजे बघा. तुमचं वय काय?'

'सदुसष्ट.'

'लॅब्रॅडॉर बारा वर्षं जगतोय, एखादा चौदा. तुमच्यानंतर त्याचं कोण?'

मी बेरीज केली. सदुसष्ट आणि बारा एकोणऐंशी. ही बेरीज मी विम्याच्या, मृत्युपत्राच्या निमित्ताने केली होती. कुणी परक्या माणसाने, तेही मला काही विकत असताना, माझ्या तोंडावर केली नव्हती. बाईंनी एक छापील कागद पुढे केला. कोणत्याही कारणाने, कोणत्याही वयात कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर तो इतरत्र न देता त्यांच्याकडे परत आणावा. चाचण्या केल्याविना त्याची पैदास करू नये. आणि तळाशी एक रिकामी ओळ, मालकाच्या पश्चात जबाबदारी घेणाऱ्याचे नाव आणि सही. त्याखाली दुसरी ओळ होती आणि ती भरलेली होती. 'मी पण सत्तरीला आले,' बाई म्हणाल्या. 'माझ्यानंतर परत घ्यायला माझा भाचा आहे. त्याची सही घेतली आहे. हे माझं शेवटचं वेत.'

किंमत त्यांनी सर्वांत शेवटी, काहीशा संकोचाने सांगितली आणि न विचारता खर्चाची वही पुढे केली. मी ती उघडली नाही.

परतताना मी विचार करीत होतो तो या व्यवहाराला काय म्हणावे याचा. कांटने १७८५च्या आपल्या नीतिमीमांसेत किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला आहे. ज्याच्या जागी त्याच्या तोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा. प्राण्यांना त्याने वस्तूंच्या बाजूला बसवले, हे त्याचे अपुरेपण. पण भेद उपयोगी आहे. शेजाऱ्यांना दुसरे पिल्लू निम्म्या किमतीत देऊ करणारा दुकानदार त्या मेलेल्या जिवाला किंमतच देत होता; एकाच्या जागी दुसरे. बाईंनी पैसे मागितले, दुकानदारापेक्षा थोडे अधिकच मागितले, परंतु एकाच्या जागी दुसरे हे त्यांना कबूल नव्हते. विक्री म्हणजे देणाऱ्याचा संबंध संपणे. माल गेला, रक्कम आली, रामराम. त्यांच्या विक्रीत संबंध संपत नव्हता, उलट लेखी होत होता, आणि तो केवळ माझ्यावर नव्हे तर त्यांच्यावरही, त्यांच्या भाच्यावरही बंधनकारक होता. लेक दिलेल्या घराशी माहेरचा संबंध सुटत नाही, अशी उपमा मला सुचली आणि मी ती लगेच टाकून दिली. लेक परत आली तर दार उघडेलच, अशी हमी आपल्या किती माहेरांनी दिली आहे?

तेव्हा माझे मत असे झाले, की अशा व्यक्तीकडून पिल्लू घेण्यात अनीती नाही. मी पैसे देणार आहे ते रक्तासाठी नव्हे. एका माणसाने काही वर्षे काही जिवांकडे जे लक्ष दिले, नाही म्हणण्याची जी हिंमत दाखवली, तिच्यासाठी. पण हे मत मी लिहितो आहे तेव्हाही त्यात एक गाठ राहतेच. बाई आणि तो दुकानदार, दोघेही एकाच वहीच्या आधाराने उभे आहेत. मी बाईंकडे गेलो तो मुळात लॅब्रॅडॉर हवा म्हणून. त्याचा स्वभाव माहीत असतो, वृद्धांना ते सोयीचे, असे मी विद्यार्थ्याला सांगितले. ते खोटे नाही. तरी भुसावळच्या त्या क्वार्टरमधला चेहरा पत्नीला पुन्हा हवा आहे, हे अधिक खरे. म्हणजे एकाच्या जागी दुसरे, हा व्यवहार आम्हीही करीतच होतो.

शिवाय आमच्या फाटकाशी एक कुत्री असते. तिला नाव नाही. डाव्या कानाला महापालिकेच्या नसबंदीची खाच आहे. तीन वर्षे पत्नी तिला रात्रीची उरलेली पोळी घालते. ती कधी आत आली नाही आणि आम्ही कधी बोलावले नाही. मोकाट कुत्र्यांचे काय करावे यावर सध्या आपल्याकडे मोठा वाद आहे. दिल्लीतील सगळी कुत्री निवाऱ्यांत कोंडा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलून, नसबंदी व लसीकरण करून त्यांना, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून, होती तेथेच परत सोडावे असे सांगितले. चावलेल्या मुलाच्या आईचे दुःख मी नाकारीत नाही. मला येथे फक्त एवढेच म्हणायचे आहे, की महूला जाताना आणि येताना दोन्ही वेळा फाटक उघडताना ती उठून बाजूला झाली.

महाभारत सुरू होते तेव्हाही एक कुत्री आहे. जनमेजयाच्या यज्ञात शिरलेल्या सरमेच्या पिल्लाला त्याचे भाऊ मारतात. पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, याचा अपराध काय? तिला कुणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते. आणि शेवटी, हिमालयात, एक कुत्रा युधिष्ठिराच्या मागे चालत राहतो. त्याला टाकून रथात बस, असे इंद्र सांगतो. शरण आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिर नाकारतो. या कथेवर मी वर्गात अनेकदा बोललो आहे. तो कुत्रा म्हणजे धर्म होता, हे रहस्यच आम्ही विद्यार्थ्यांना रंगवून सांगायचो. आता मला त्यातले आधीचेच वाक्य महत्त्वाचे वाटते: तो मागे आला होता. युधिष्ठिराने त्याला निवडले नव्हते, त्याचे कूळ विचारले नव्हते. बाईंच्या घरी मी पाहिले ते सरमेच्या प्रश्नाला दिलेले उत्तर होते; पिल्लाचे काय होईल, याची आईच्या वतीने कुणीतरी केलेली चौकशी. ते उत्तर मोठे आहे. परंतु मागे येणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो त्याने सुटत नाही.

मुलीला फोन केला. रिकाम्या ओळीबद्दल सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. 'बाबा, सही म्हणजे नुसती सही नाही ना ती,' असे म्हणाली. 'माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, दिवसभर आम्ही दोघंही बाहेर असतो. मला विचार करू दे.' तिने लगेच हो म्हटले नाही, याचे पत्नीला वाईट वाटले. मला वाटले नाही. बाईंनी तिचीही परीक्षा घेतली होती आणि ती उत्तर लिहायची घाई करीत नव्हती. पत्नीने मग हळूच विचारले, की तीच कुत्री, पिल्लांची आई, आता वेते थांबल्यावर बाई कुणाला देतील का. पाच वर्षांची आहे, आपल्या वयाला बरी. बेरीज तिनेही केली होती तर. मी म्हणालो, विचारून पाहू.

कागद टेबलाच्या खणात आहे. पिल्ले आज सहा आठवड्यांची झाली.